फॉल्ट, पाऊस आणि शुभदा

शुभदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरच्या घरी पेपर तपासत बसले होते. पहिला विचार काय आला सांगू? आता भांडायचं कुणाशी... आणि लगेच दुसरा, की भांडण तीच जिंकून गेली.

आम्ही दोघी भूगर्भशास्त्रातल्या. चंद्रपूरकडच्या एका प्राचीन तळ्याचा, दगड होऊन बसलेला गाळ वाचण्यात आमची उमेदीची वर्षं गेली. माझं म्हणणं, जमिनीत फॉल्ट पडला, भेग जाऊन एक बाजू खचली, म्हणून तिथे तळं झालं आणि कड्याच्या पायथ्याशी गोटे साचले. शुभदा मातीचा कण दाताखाली धरून बघायची, कचकच लागते का, आणि म्हणायची, "अगं बाई, फॉल्टने नुसतं ताट मांडलं. वाढलं कुणी? पावसानेच ना!" ओल्या काळात तळं भरून बारीक काळी माती बसली, कोरड्या काळात आटून चिखलाला तडे गेले, असे थरावर थर. हे मलाही दिसत होतं. पण तिचं वाक्य कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी बसलं, माझे नकाशे कपाटात राहिले. मला तिचा हेवा वाटायचा. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात, पण अजूनही वाटतो. मी मनाची समजूत एकाच गोष्टीने घातली होती: नाव तिचं झालं, पण तिला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही. तिचा नवरा श्रीकांतसुद्धा नाही. बँकेतला माणूस, त्याला दगड म्हणजे दगड.

गेल्या आठवड्यात मुलुंडला त्यांच्या घरी गेले. फोटोशेजारी तिचा लाडका दगड होता, त्याच तळ्याच्या आटलेल्या तळाचा तुकडा. आणि चक्क उलटा ठेवलेला! चिखलातले तडे वर रुंद असतात, खाली निमुळते होत जातात. इथे निमुळती टोकं वर. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं संसार केला, पण वरची बाजू कुठली ते याला कळलं नाही. मी दगड सुलटा केला.

श्रीकांत चहा घेऊन आला, दगडाकडे बघून हसला. "तीपण घरात आल्या आल्या हेच करायची. मी मुद्दाम उलटा ठेवायचो गं. मग चिडायची, माझ्याशी भांडत बसायची... नाहीतर थेट पुस्तकात डोकं."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं.

त्याने कप माझ्या हातात दिला, दगड पुन्हा उलटा केला आणि दाराकडे तोंड करून बसला.