चुन्यापुढचा पांढरा

सन दोन हजार सतरा. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होतो, आणि पांढऱ्या रंगातलं मला काही शिकवील असा माणूस लातुरात नाही, असं माझं म्हणणं होतं. शाळा तिसरीपर्यंत झाली. पुढचं सगळं चुन्याच्या हौदापाशी. चाकूरकडच्या आमच्या गावात बाप कळीचा चुना हौदात टाकायचा, पाणी खदखदायचं, वाफ निघायची, आणि निवल्यावर लोण्यासारखं जे खाली बसायचं त्यानं आम्ही देऊळ, मशीद, शाळा सगळं उजळून काढायचो.

भूकंपानंतर औशाकडं नवी गावं वसली तेव्हा मी तिथं रंगकामाला गेलो. दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसं गाडली होती, म्हणून लोकांना आता पातळ भिंती पाहिजे होत्या. एक बाई रोज नव्या घरात यायची, भिंतीवर तळहात टेकवायची आणि परत अंगणात जाऊन बसायची. त्या भिंतींसाठी डब्यातला रंग आला. चुन्याचे तीन हात मारावे लागतात, आणि ओला असेपर्यंत खालची भिंत दिसतच राहते. ह्या रंगानं पहिल्या हातातच सिमेंट झाकलं. मी ब्रश धरून नुसता उभा राहिलो. तिथल्या इंजिनिअरनं सांगितलं, ह्यातला पांढरा केरळकडच्या समुद्राकाठच्या काळ्या वाळूतून काढतात, टायटॅनियम डायऑक्साइड म्हणतात त्याला. काळ्या वाळूतून असला पांढरा निघतो हे मला पटलं नाही, पण भिंत समोर होती. तेव्हापासून मी डब्यातला रंग वापरला, आणि मनानं चुन्याचाच राहिलो.

पुढं लातुरात जागा घेतली. मागं विहीर होती, पुढं मोकळा प्लॉट. क्लासचा जमाना आला, नांदेड, उदगीर, कुठकुठली पोरं डॉक्टर व्हायला इथं येऊ लागली, तसा तो पुढचा प्लॉट एका सरांनी घेतला आणि त्यावर चार मजले चढवले. खाली क्लास, वर पोरींचं हॉस्टेल. इमारतीचा रंग कायम माझ्याकडं. दरसाली निकाल लागला की आईबाप, पोरं, बँडवाले सगळे तिथं जमायचे आणि गुलाल उधळायचे. ओल्या हातानं भिंतीवर पंजेसुद्धा उमटवायचे. आनंद त्यांचा, धुलाई माझी. गुलाल चुन्यावर चढला की उतरत नाही, डिस्टेंपरवर तर नाहीच नाही.

त्या साली उन्हाळ्यात सरांनी हैदराबादहून डबे आणले. म्हणाले, पांढऱ्या रंगावरून ह्याचा एक हात द्यायचा, मग भिंत आपली आपण साफ राहील.

मी म्हणालो, "सर, तुमची भिंत उद्यापासून आंघोळ करणार का?"

"आण्णा, तुम्ही लावून तर बघा."

डबा उघडला. आत पातळ दुधासारखं पाणी. गच्चीच्या दक्षिणेकडच्या कठड्याला आतून अर्ध्या भागावर ते मारलं, अर्धा तसाच सोडला. वाळल्यावर बघतो तर काहीच नाही. जन्मभर मी दिसेल असा रंग दिला. हा पहिला असा की लावला कुठं तेच मला सापडेना. माझे दोन्ही कारागीर माझ्याबरोबरच म्हातारे झालेले. ते हसून हसून खाली बसले. म्हणाले, आता मजुरीही न दिसणारी मागा.

मी हट्टाला पेटलो. गुलाल पाण्यात कालवला आणि दोन्ही भागांवर आपल्या हाताचा पंजा मारला. मे महिन्याचं ऊन. रोज चहा पिऊन गच्चीवर जायचं. साध्या भागावरचा पंजा लालचा गुलाबी झाला आणि तिथंच थांबला. दुसऱ्या भागावरचा मात्र रोज थोडा थोडा जायचा, आधी बोटांची टोकं, मग तळवा, आणि शेवटी एका सकाळी हात ठेवला होता कुठं हे मला बोटानं दाखवता येईना. कुणी पुसलं नव्हतं. कुणी चढलंसुद्धा नव्हतं, गच्चीची किल्ली माझ्याकडं होती. तांब्यानं पाणी ओतून बघितलं. साध्या भागावरून थेंब थेंब ओघळले, ह्या भागावर पाणी काचेसारखं पसरलं आणि सरळ खाली गेलं. मला देवळात गेल्यासारखं वाटलं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

मुलगी नांदेडला कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. सुटीला आली तेव्हा तिला वर नेऊन दाखवलं. ती म्हणाली, आण्णा, हा तुमचा तोच पांढरा आहे, काळ्या वाळूतला. फक्त कण इतका बारीक केलाय की केसाच्या जाडीत हजार बसतील. तेवढा लहान झाला की उजेड त्याला ओलांडून जातो, म्हणून तो पांढरा दिसतच नाही. पण उन्हातला जो भाग आपल्याला दिसत नाही आणि कातडी जाळतो, तो त्याला बरोबर सापडतो. ऊन लागलं की तो जागा होतो, आणि अंगावर बसलेला धूर, तेल, गुलाल तोडत राहतो. स्वतः संपत नाही.

"आणि अंधारात?"

"गप पडून राहतो."

मग तिनं सांगितलं की मोठ्या कणांचा तोच पदार्थ टूथपेस्टमध्ये असतो, गोळीच्या पांढऱ्या आवरणातही असतो, आणि बारीक केलेला उन्हाच्या मलमात घालतात. म्हणजे मी तो वर्षानुवर्षं दातांना घासत आलो होतो. दगडाच्या जातीची वस्तू, आणि तिला ऊन कळतं. त्या दिवशी जेवताना माझा घास हातातच राहिला. बायकोला वाटलं भाजी बिघडली.

काम सुरू झालं. पुढची बाजू झाली, कठडे आतून बाहेरून झाले. गच्चीची फरशी तेवढी राहिली होती. शेवटी ब्रश, रोलर, बादल्या धुतल्या, त्याचं दुधाळ पाणी टबात साठलं. आमच्या धंद्यात रीत अशी की चुन्याचं शेवटचं पाणी निवळू द्यायचं आणि विहिरीत सोडायचं. पाण्यातले किडे मरतात, पाणी स्वच्छ राहतं. बाप करायचा, मी करत आलो. कारागिरांना सांगावं लागलं नाही. त्यांनी टब उचलून विहिरीच्या कठड्यावर टेकवला.

मुलगी अर्धी वेणी हातात धरून पळत आली. "थांबा. खाली ठेवा ते."

कारागीर माझ्याकडं बघायले. मी म्हणालो, ओता.

"आण्णा, काय करायलाव तुम्ही?"

"जे बापापासून करत आलो ते. तू केमिस्ट्री शिकायच्या आधीपासून ही विहीर मी सांभाळतोय."

आणि ते खोटं नव्हतं. आदल्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमची गल्ली ह्याच विहिरीवर जगली होती. त्या दुष्काळानंतर मीच सरांच्या गच्चीचं पावसाचं पाणी पाइपानं विहिरीत सोडलं होतं. आत मासे होते, शेवाळ होतं, हॉस्टेलच्या पोरींच्या टाकीतही हेच पाणी चढायचं.

"चुना विरघळतो, हवा लागून खडू होतो. हे विरघळत नाही, आण्णा. भिंतीवर उन्हात जे करतं तेच पाण्यातही करणार. समोर गुलाल नसला की शेवाळ हाय, किडे हायत."

"म्हणजे विष म्हण की."

"विष असतं तर मी सरांना लावूच दिलं नसतं. किती झालं की किती बिघडतं, हे अजून शास्त्रज्ञ शोधायलेत. ज्याचं माप कुणाला ठाऊक नाही ते पिण्याच्या पाण्यात कशाला?"

मी म्हणालो, डोळ्यानं बघितल्याशिवाय मी देवाचंही ऐकत नसतो. ती म्हणाली, मला ठाऊक हाय कुणाची लेक आहे मी.

लोणच्याच्या दोन बरण्या घेतल्या. दोन्हीत विहिरीचं पाणी, तळाचं शेवाळ जरा, आणि ते पाण्यात टुणटुण उडणारे कणाएवढे किडे, जे मासे खातात. एकीत टबातलं चमचाभर पाणी टाकलं. दोन्ही उन्हात ठेवल्या. टब झाकून सावलीला सरकवला. सर खाली आले, त्यांनी क्लासमधलं भिंग आणून दिलं आणि तेही स्टूल घेऊन बसले. मला भिंगातून तो किडा पहिल्यांदा नीट दिसला. काचेसारखं अंग, आत काळजाचं ठोकणंसुद्धा दिसत होतं. जन्मभर मी त्यांना किडे म्हणून मारत आलो, आणि ते असे आतून उजेडाचे असतील हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर बघितलं. साध्या बरणीत ते तसेच उडत होते. दुसरीत तळाशी पांढुरकी धूळ बसली होती आणि तिच्यात बरेचसे आडवे पडले होते. एक अजून हलत होता, पण वर येत नव्हता.

मुलगी म्हणाली, हे लई झालं बरं का आण्णा, भिंतीवरून पावसात एवढं येणार नाही. सर म्हणाले, अगदी थोडं येईल. पण कठडे आतून रंगवलेले, त्यांच्यावरचं पाणी गच्चीवर, गच्चीचं पाइपातून विहिरीत. थोडं म्हणजे किती, हे दोघंही सांगेनात. दोघंही शिकलेले. पाइप तोडावा तर पुढच्या उन्हाळ्यात गल्लीनं प्यायचं काय?

मी विहिरीच्या काठावरून वाकून बघितलं. खाली मासे गोल फिरत होते. मग मी सरांना सांगितलं, फरशीला हे लावायचं नाही, उरलेले डबे परत करा. सर जरा नाराज झाले, पण हो म्हणाले. मुलीला विचारलं, ह्याला अडवतं काय?

"माती अडवते बहुतेक. वाळू, कोळसा. कण त्यांना चिकटून बसतो. गच्चीचं पाणी आधी खड्ड्यात सोडायचं, मातीतून मुरत ते विहिरीला लागेल. खड्डा खोल पाहिजे."

"टबातल्याचं?"

"निवळू द्या. खालचा गाळ वाळवून डब्यात बंद करून ठेवा. विहिरीपासून लांब."

बायको म्हणाली, सदुसष्टाव्या वर्षी खड्डे खणणार का आता. मी म्हणालो, मग कोण खणणार, सर खणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मी पाइपाचं तोंड विहिरीवरून काढून बाजूला फिरवलं, कुदळ घेतली, आणि घराची मागची भिंत नि विहीर ह्यांच्यामधल्या काळ्या मातीत पहिला घाव घातला.