आक्कांनी धरलेले सोमवार

कोमट तिळाच्या तेलाचा वास आधी येतो, चेहरा मागाहून. थंडीतली सकाळ, आधणाच्या पाण्यात तरंगत ठेवलेली पितळी वाटी, तेलात चिमूटभर ओवा... उन्हात पसरलेल्या धान्यासारखा तो वास हळूहळू अंगभर होई आणि डोळे आपोआप मिटत. यमुनाआक्कांचे नाव निघाले की आजही प्रथम तो वासच माझ्याजवळ येऊन बसतो.

त्या गेल्याची बातमी मला आषाढात, कासारणीकडून कळली. सेनगावकडची गावे करून ती आमच्या ओसरीवर बसली होती आणि माझ्या हातात बांगड्या भरत होती. चौथी बांगडी मनगटाच्या हाडाशी अडली तशी ती सहज म्हणाली, "तुमच्या आक्का गेल्या म्हणं, माय. आठ दिस झाले. तुमाला न्हाई कळलं?" मी हात ओढून घेतला. बांगडी तिच्याच बोटांत राहिली. बाहेर पाऊस नव्हता, वाराही नव्हता. परसातल्या शेवग्याची पाने मात्र हलत होती, असे मला उगाच वाटत राहिले.

आक्का म्हणजे सेनगावकडच्या एका गावच्या वैद्यांची बहीण. ऐन तारुण्यात वैधव्य आले आणि त्या माहेरी परतल्या. वडिलांच्या खलबत्त्याशी बसून जे शिकल्या ते त्यांनी पुढे बायकांसाठीच वापरले. पुरुषांच्या नाडीला त्यांचे भाऊ. बायकांच्या ज्या तक्रारी भावापुढे उच्चारताही येत नसत, त्या ऐकायला आक्का. कुणाची पाळी चुके, कुणाची थांबतच नसे, कुणी चाळिशी उलटताच अंगातल्या कढाने रात्ररात्र पदराने वारा घेई. असल्या गोष्टी वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहू नयेत, असे काहींना वाटेल. परंतु आक्कांविषयी लिहायचे आणि हे वगळायचे, तर उरेल काय?

मी विशीत असतानाची गोष्ट. लग्नाला पाच वर्षे झाली होती आणि कूस रिकामी होती. त्यातच वर्षभर माझी पाळीही आली नव्हती. सासूबाईंनी औंढ्याच्या नागनाथाला नवस केला: मूल होईपर्यंत मी सोमवार धरायचे, तेही पाण्यावर. पुढे गुरुवार आले, दोन्ही एकादशा आल्या, चतुर्थी आली. मी निमूटपणे वाळत गेले. केस विंचरताना फणीत पुंजके येत. चांदण्यात स्वतःची सावली पाहिली तर ती एखाद्या उभ्या काडीची वाटे. अक्षय्य तृतीयेपर्यंत काही दिसले नाही तर माझ्या धन्यांसाठी दुसरी मुलगी आणायची, असे घरात ठरले होते. मुलगी पाहूनही झाली होती. ती हसरी आहे, असे मला मुद्दाम सांगण्यात आले.

शेवटचा उपाय म्हणून आक्कांना बोलावले. त्यांनी माझी जीभ पाहिली, नखे पाहिली, पोटावरून तळहात फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला तो सासूबाईंना.

"ही पोरगी आठवड्यात किती दिवस खाती?"

सासूबाईंनी अभिमानाने उपासांची यादी सांगितली. आक्का ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोरड्या विहिरीवर मोट जुंपून राहिल्या तुमी, पाटलीणबाई. चाक वाजून राहिलं. पाणी कुठून येईल?"

"मंग काय, देवाला सांगून धरलेला वार मोडायचा?" सासूबाई उसळल्या. "वर सुनंनं तूप-भाकर खायची? लई गोड औषध हाय तुमचं!"

"मोडायचा काहून? सोमवार मी धरते. बाकीचे वार तुमी लावले, तुमीच सोडा. देवाला उपास पाहिजे का हिचंच पोट पाहिजे, सांगा?"

सासूबाईंनी विचारले, "कुठवर धरताल?"

"हिची ओटी भरंपर्यंत. मंग तुमी उद्यापन करा, माझ्या भावाला आन् भावजयीला जेवू घाला, म्हंजे मी मोकळी."

त्यानंतरचे महिने मला स्वप्नासारखे आठवतात. आक्कांनी मला पुडी दिली नाही, दिवस दिला. पहाटे उठायचे, पण अंगावर गार पाणी घ्यायचे नाही. ओटीपोटाला, कंबरेला, तळपायांना तेल जिरवायचे, मग कोवळ्या उन्हात पाठ देऊन बसायचे. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात यावी, सर्वांच्या मागून उरलेली नव्हे. ओढ्याकाठून आणलेल्या शतावरीच्या मुळ्या दुधात शिजवून घ्यायच्या. काळे तीळ गुळासंगे चावून चावून खायचे. "आन् पाव्हणे बैठकीतून उठंपर्यंत परसाकडं जायचं अडवून बसू नको," त्या बजावत. "पाव्हण्यांचं काय, ते तंबाखू संपंपर्यंत बसतील. तुझ्या देहाला तंबाखू न्हाई." मी पदरात तोंड लपवून हसले. वर्षभरात मला कुणी हसवले नव्हते. सोमवारी दुपारी घास उचलला की मला पलीकडच्या गावी पाण्याचा तांब्या घेऊन बसलेल्या आक्का दिसत आणि घास क्षणभर जड होई...

माघात पाळी आली. गोठ्याशेजारच्या खोलीत मी बाहेर बसले होते. खिडकीतून हरभऱ्याच्या घाट्यांचा आंबूस गंध येत होता. आक्का येऊन दाराबाहेर उंबऱ्यापाशी टेकल्या. "लोकं विटाळ म्हनतील, म्हनू दे. जातं न्हाई, पाणी न्हाई. तीन दिवस निजून घे, असली सवड कुठल्या बाईला मिळती?" अक्षय्य तृतीया आली आणि गेली. ती हसरी मुलगी दुसऱ्या एका घरी सुखाने नांदायला गेली. पुढच्या वर्षी मला मुलगी झाली.

येथवर हे सारे मी कुणालाही आनंदाने सांगत आले आहे. यापुढचे मात्र आक्का गेल्यानंतर कळले.

कासारणीने सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दमणी जुंपून त्यांच्या गावी गेले. आक्कांच्या भावजयीने मला पाटावर बसवले आणि गुळाचा खडा पुढे केला. मग म्हणाली, "शेवटी लई वाळल्या होत्या. दुखणं असं काही नव्हतं. आमी म्हनायचो, आता वय झालं, सोमवारी दूध तरी घ्या. न्हाई म्हनायच्या."

"सोमवारी?" मी विचारले.

"तुमचाच की, माय. आक्कांनी लई जणींचे वार धरले. जिची तिची उद्यापनं झाली, त्या वारातून आक्का मोकळ्या झाल्या. तुमचा तेवढा ऱ्हायला."

नऊ वर्षे! मुलगी झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, नवस पुरता फळला नाही, मुलगा झाला की उद्यापन करू. मुलगा झाला नाही. मी बाळंतिणीच्या खाटेवर होते, अंगात ऊब होती, कुशीत लेकरू होते, आणि मी काहीच बोलले नाही. आक्का त्यानंतर कितीदा तरी आल्या. माझ्या लेकीला पायांवर घेऊन त्यांनी तेल लावले. लढाईच्या महागाईत स्वतःच्या घरचे तीळ पदरात बांधून आणले. उद्यापनाचे एका शब्दाने विचारले नाही. त्यांना वाटले असेल, हिला आठवण दिली तर सासूपुढे हिचीच अडचण होईल. की मुलीला अपुरी म्हणणाऱ्या घरात त्यांना तो विषय काढावासाच वाटला नाही? विचारायला आता त्या नाहीत. उपासाने बाई आटते हे ज्यांनी मला शिकवले, त्या माझ्यासाठी आटत गेल्या आणि मी पाच कोसांवर गरम भाकरी खात राहिले.

घरी आल्यावर मी सासूबाईंसमोर सारे सांगितले. त्यांना आता नीट दिसत नाही. माझी लेक त्यांचा हात धरून त्यांना अंगणात नेते, आणि तिच्यावाचून त्यांचे पान हलत नाही. त्या ऐकत असताना लेकीच्या केसांतून बोटे फिरवत होत्या. ती बोटे थांबली. "श्रावणातल्या सोमवारी उद्यापन करू," एवढेच म्हणाल्या.

श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी वैद्य आणि त्यांची पत्नी आमच्याकडे जेवले. पुरणाचे ताट सासूबाईंनी चाचपडत स्वतः वाढले. वैद्यांनी आचवल्यावर, कुणी न विचारता, त्या मोठ्याने म्हणाल्या, "नवस फळला होता. नऊ वर्षांमागंच फळला होता. माझंच चुकलं." मग त्या आत गेल्या.

मी चुलीपाशी तशीच बसून होते. मनाशी पक्के केले होते, इथून पुढे नऊ वर्षे सोमवार मी पाण्यावर धरीन. कुणाला सांगितले नव्हते. परंतु माझ्यासाठी ताट घेतलेले नाही, हे सासूबाईंना कसे उमगले कोण जाणे. भिंतीला धरत त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, हाताने परात शोधली, पाने शोधली, पोळी मोडली, तिच्यावर तूप ओतले. थोडे त्यांच्या बोटांवरून जमिनीवर ओघळले. मग ज्या हाताने त्यांनी एकेकाळी माझे वार मोजले होते, त्याच हाताने माझे मनगट घट्ट धरले आणि म्हणाल्या, "जेव."