आईकडचं घड्याळ

मास्तरांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर दोन घड्याळं होती. एक इथलं आणि दुसरं आईकडचं. आईकडचं म्हणजे बाईंच्या माहेरच्या वेळेचं. नव्या पाहुण्याला वाटायचं, मास्तरांना घड्याळांचा नाद असावा. मास्तरांना कसलाच नाद नव्हता. नाकासमोर चालणारा माणूस.

मिशनच्या शाळेत शिकवायला दोघं परदेशी आली, तेव्हा लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. पाच वर्षांसाठी म्हणून आली आणि बघता बघता एकोणीस झाली. मास्तर मोठ्यांना गणित शिकवायचे, बाई लहानग्यांना अक्षरओळख करून द्यायच्या. राहायला शाळेच्याच वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. खाली घंटा झाली की वर कपाटातल्या बशा थरथरायच्या, आणि बाईंच्या पदराला बारा महिने खडूचा वास असायचा. लेक इथेच जन्मली, पंधरा वर्षांची झाली. दर पाच वर्षांनी मिशन सहा महिन्यांची रजा द्यायचं, तेवढंच काय ते माहेर. एरवी महिन्याला एक पत्र, आणि मिशनच्या कचेरीतून वर्षातून एकदाच, हिवाळ्याच्या सुट्टीत, पाच मिनिटांचा फोन. त्या पाच मिनिटांतली तीन रडण्यात जायची.

निघताना आईने एकच मागणं केलं होतं. "रविवारी रात्री आठला मी प्रार्थनेला बसेन. तूही त्याच वेळेला बस. पाव तास. तेवढा वेळ आपण एका खोलीत आहोत असं समजू."

आईकडे आठ वाजायचे तेव्हा इथे दुपारचे अडीच. उपासना आटोपून, जेवून, भांडी निथळत ठेवून तिघं टेबलाभोवती बसायची. बाईंनी हा नेम एकदाही चुकवला नाही. एकदा तर एकशे दोन तापात, घोंगडी लपेटून बसल्या. बाईंची श्रद्धा मोठी होती यात वाद नाही, पण खरं सांगायचं तर त्या पाव तासात देवाच्या वाट्याला फार थोडं यायचं. डोळे मिटले की त्या थेट आईच्या खोलीत. वेत सुटलेली खुर्ची, चष्म्याच्या डबीचा टक् असा आवाज, कव्हर निघालं म्हणून रबरबँड लावून ठेवलेलं पवित्र शास्त्र. आई आत्ता, या घडीला, तिथे बसलीय. एवढ्यावर त्या पुढचा आठवडा रेटायच्या.

त्या हिवाळ्यात आई गेली. गुरुवारी गेली, शुक्रवारी माती झाली, आणि तार बाईंच्या हातात पडली शनिवारी. जाऊन तरी काय करणार होत्या? सोमवारी बाई वर्गावर हजर. मुलांना त्यांनी काही सांगितलं नाही. पण रविवारी अडीचला टेबलाशी येऊन बसल्या, त्या पुढच्याही रविवारी. तिकडे आता खुर्ची रिकामी होती, तरी बसल्या. एकोणीस वर्षांत आपण आईला दुसरं काही दिलं नाही, हा पाव तास मात्र चोख दिला, एवढाच त्यांच्या जिवाला आधार होता.

मग वसंत आला. त्या देशात उन्हाळ्याच्या तोंडाशी सरकारी हुकमाने सगळी घड्याळं तासभर पुढे करतात आणि हिवाळा आला की पुन्हा मागे घेतात. आपल्या माणसाला हे ऐकूनच हसू येतं, पण मास्तर हुकमाचे पक्के. दरवर्षी ठरलेल्या रविवारी सकाळी ते स्टुलावर चढायचे आणि दोन्ही घड्याळं तासभर पुढे करायचे. यंदाही चढले. इथलं घड्याळ केलं आणि दुसऱ्याचाही काटा तासभर पुढे नेला.

लेक दूध पीत बसली होती. तिने सहज विचारलं, "बाबा, आजीकडे पण घड्याळ बदलतात?"

मास्तरांनी "नाही," म्हटलं आणि त्यांचा हात काट्यावरच राहिला.

ज्या माणसाने एकोणीस वर्षं पोरांना त्रैराशिक घोटून पाजलं, त्याच्या ध्यानात हे यायला दुधाचा पेला हातात धरलेली पोर लागली. तिकडे कोण घड्याळ बदलतंय? म्हणजे उन्हाळाभर आईकडचं घड्याळ तासभर पुढे पळत होतं. त्यात आठ वाजले म्हणून ही तिघं डोळे मिटायची, तेव्हा आईकडे खरे सातच वाजलेले असायचे. आई आठला बसायची, तोवर इथे बाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत असायच्या.

बाईंना उन्हाळ्यांमागून उन्हाळे दिसायला लागले. अर्धे रविवार गेले होते. अर्ध्या रविवारी त्या रिकाम्या खोलीत बसल्या होत्या आणि तिकडे आई त्यांची वाट बघत एकटी. आता हे आईला सांगायची सोय नव्हती, माफी मागायची सोय नव्हती. मास्तर स्टुलावरून उतरले आणि चुकलं म्हणाले. बाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि तोंडाला कुलूप घातलं. मास्तर चार दिवस घरात चोरासारखे वावरत होते. वर्गातही त्यांनी फळ्यावर दोनदा चुकीचं उत्तर लिहिलं म्हणे.

पाचव्या दिवशी बाईंना राहवेना. रस्त्याच्या कोपऱ्यावर टेलिफोनचं काचेचं खोकं होतं, तिथून त्यांनी भावाच्या घरी फोन लावला. उचलला वहिनीने. आईचं शेवटचं सगळं तिनेच केलेलं. बाईंनी इकडचं तिकडचं न बोलता घड्याळाची हकिगत सांगितली आणि विचारलं, आई कधी काही म्हणाली होती का? माझी लेक येत नाही, असं तिला वाटायचं का?



"ताई, त्यांना माहीत होतं," वहिनी म्हणाली.

अकरा वर्षांपूर्वी लेकीचा हात मोडला होता, तेव्हा भर उन्हाळ्यात बाईंनी घाबरून फोन केला होता. आत्ताच प्रार्थनेवरून उठलो, म्हणून तुझा आवाज ऐकावासा वाटला, असं त्या आईला म्हणाल्या होत्या. आईने फोन ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं. सव्वासात झाले होते. तिकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात हे लेकीच्या पत्रातून तिला ठाऊक होतं. मग वहिनीला म्हणाली की हे तिकडे कुणी कळवायचं नाही.

"मी म्हटलं, अहो, एक ओळ लिहून टाका. तर म्हणाल्या, जावई गणिताचे मास्तर, त्यांना कुठे मान खाली घालायला लावू? आणि तिला कळलं तर मागचे सगळे रविवार मोजत बसेल. मी ओळखते तिला."

बाई खोक्याच्या काचेला कपाळ टेकून उभ्या होत्या. बाहेर एक माणूस फोनसाठी ताटकळत होता, त्याने त्यांचं तोंड पाहिलं आणि तो निघून गेला.

"मग ती सातला बसायला लागली?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही वेळा बसायच्या. तुमच्याकडे घड्याळं नेमकी कधी पुढे करतात, कधी मागे घेतात, त्यांना कुठे ठाऊक! सातला बसायच्या ते थेट सव्वाआठला उठायच्या. मधेच उठले आणि नेमकी ती आली तर, म्हणायच्या. शेवटी पाठ टेकायला उशी लागायची, पण बसायच्या."

बाई घरी आल्या तेव्हा मास्तर खिडकीशी होते. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मास्तरांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत राहिले. मग बाईंनीच स्टूल आणून दिलं आणि त्यांनी आईकडचं घड्याळ तासभर मागे घेतलं.

रविवारी त्या घड्याळात सात वाजले तशा बाई टेबलाशी येऊन बसल्या. मास्तर आणि लेकही बसली. पाव तासाने लेक उठली, पण बाई उठेनात. मास्तर लेकीला घेऊन हळूच बाहेर गेले आणि जाताना दार लोटून घेतलं. आई जशी बसायची तशा बाई सव्वाआठपर्यंत एकट्या बसून राहिल्या.