लाडू, झाडू आणि माझा पदर

मशीनच्या तेलाचा वास आला की बमरोलीतली, मी शिकवायचे ती बालवाडी आठवते. भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना, दिवसभर नुसता खडखडाट. तरी 'लाडू' आणि 'झाडू' शेवटी सारखे वाजतात का, असं विचारलं की खानदेशी कामगारांची ती पोरं बिनचूक सांगायची. काय तयार कान, म्हणून मी फुशारकी मारायचे. एकदा तपासणीला मोठ्या बाई आल्या. मला खोकला होता, म्हणून तोंडाला पदर लावूनच शब्द विचारले. पोरं ढिम्म! तेवढ्यात एका चिमुरडीने पुढे येऊन माझा पदरच खाली ओढला. "टीचर, तोंड दाखवा ना! पप्पा म्हणतात, लूमवर तोंड बघूनच ऐकू येतं." आता माझेच कान गेलेत, आणि पेपरामागून बोलणाऱ्या नवऱ्यावर मी खेकसते, "अहो, तोंड दाखवा, ऐकू येत नाही!"