मामंजींची पेटी आणि अकरा घोंगड्या

अग्नीकडून इतकं काम करून घेणारा माणूस तुळजापुरात दुसरा झाला नाही, आणि यापुढं होईल असंही मला वाटत नाही. हे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, सासरे. ती त्यांना मामंजी म्हणे, म्हणून माहेरची आम्ही मंडळीही मामंजीच म्हणू लागलो. घराणं पुजाऱ्यांचं, पण त्यांनी स्वतः निजामाच्या अमदानीपासून तहसील कचेरीत कारकुनी केलेली. संस्थान गेलं, राज्य बदललं, मामंजी पेन्शनीत निघाले आणि कागदांवरची त्यांची नजर घरातल्या चुलीवर आली. पेटलेली चूल रिकामी दिसली की त्यांचा जीव कासावीस होई. वरण उतरलं की त्याच जाळावर आंघोळीचं पाणी चढायचं, जाळ बसला की निखाऱ्यांवर दूध, दूध तापलं की निखारे इस्त्रीत, इस्त्रीनं त्यांचा काळा कोट सरळ केला की उरलेली राख भांडी घासायला. एवढं करूनही राख कोमट लागली तर आपलं काहीतरी चुकलं, असं त्यांना वाटायचं.

झाकणाचा त्यांना ध्यासच होता. आक्काला बघायला ते जळकोटला आमच्या घरी आले, तेव्हा बाकीच्यांनी तिला विणकाम, गाणं असं रीतीप्रमाणं विचारलं. मामंजी मध्येच उठले, सरळ स्वयंपाकघरात गेले, उघड्या पातेल्यावर झाकण ठेवून परत आले आणि त्यांनी मुलीला एकच प्रश्न केला, तुरीची डाळ किती वेळ भिजवता? आक्का म्हणाली, तासभर. मामंजी माझ्या वडिलांकडं वळून म्हणाले, "आमचा होकार समजा." चहा अजून यायचा होता.

धुण्याचंही तेच. त्या काळी पांढरे कपडे सोड्याच्या पाण्यात उकळून काढायची पद्धत होती आणि त्यात लाकडांचा भारा खलास व्हायचा. मामंजींनी ती भट्टी बंद केली. दोन तांब्याच्या घागरी त्यांनी बाहेरून काजळी आणि जवसाच्या तेलानं काळ्याकुट्ट केल्या आणि पाण्यानं भरून माळवदावर उन्हात ठेवल्या. शेजारच्या काकूंनी आक्काला हळूच विचारलं, कुणाची नजरबिजर लागली की काय. दुपारी त्या पाण्यात हात घालवेना. रिठ्याच्या पाण्यात भिजवून ठेवलेली धोतरं त्यात अशी निघाली, की पुढच्या उन्हाळ्यात त्याच काकूंच्या माळवदावर तीन काळ्या घागरी होत्या. मामंजी संध्याकाळी वर चढून आळीभरच्या घागरी मोजत आणि खाली येऊन दोन घास जास्त जेवत.

पण घरातला एक किल्ला त्यांना सर होत नव्हता, आणि तो होता आत्याबाईंचा. आत्याबाई म्हणजे मामंजींच्या पत्नी. कचेरीनं मोडीत काढलेली दफ्तराची भलीमोठी लाकडी पेटी मामंजींनी घरी आणली होती. तिच्यात भुसकट भरून, वर जुनी वाकळ दाबून, त्यांनी मध्ये भांड्यापुरती जागा केली. भाताला चुलीवर एक उकळी आणायची, भांडं झाकणासकट पेटीत पुरायचं आणि चूल विझवायची. तासाभरानं मोकळा भात तयार. मधे कुणी बघायला गेलं, तर मामंजी हातावर चापट मारत. "झाकण उघडू नका, वाफ जाती," हे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. आत्याबाई मात्र त्या पेटीला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नसत. तीन वर्षं पेटी ओसरीवर होती, आणि तिच्यातला एक घासही त्यांनी तोंडात घातला नाही. मामंजी वाफेवर, उष्णतेवर तासतास बोलत. आत्याबाई ऐकून घेत आणि फुंकणी उचलून चुलीपाशी बसत. साऱ्या आळीनं मानलं ते घरानं मानत नव्हतं, याचं मामंजींना मनापासून वाईट वाटायचं.

मग अश्विनातली ती पौर्णिमा आली. मी तेव्हा येरमाळ्याला मास्तर होतो, सुट्टीत आक्काकडं आलो होतो. चार दिवस पाऊस लागून राहिलेला, लाकूडवाले फिरकले नव्हते, जळणाच्या खोलीत पाणी शिरलं होतं. कोरडी अशी एक मोळी काय ती उरलेली, आणि दारात पिढ्यानपिढ्या दर्शनाला आले की याच पुजाऱ्यांच्या घरी उतरणारे धनगर यजमान उभे, तीस-पस्तीस माणसं. ती सगळी देवीच्या दर्शनाला गेली. परत आल्यावर त्यांना या घरचं जेवण हवं होतं. यजमान उपाशी परतला असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. आत्याबाई कपाळाला हात लावून बसल्या. मामंजी आयुष्यात पहिल्यांदा व्याख्यान न देता म्हणाले, "बघ, पेटी आहे. पण तुझं मन न्हाई, तर न्हाई."

आत्याबाईंनी कपाळावरचा हात काढला. मग म्हणाल्या, "पेटीला माझं कुठं काय हाय? तिच्यात वाकळ हाय. सुती वाकळ सोवळ्याच्या स्वयंपाकाला कशी लावू? लोकरीला विटाळ न्हाई, लोकर असती तर चाललं असतं."

"मग तीन वर्षं बोलली का न्हाईस?"

"तुम्ही इचारलं कधी?"

मामंजींचं तोंड उघडंच राहिलं. झाकण नसलेलं काही त्यांना चाललेलं मी तेवढंच पाहिलं.

आत्याबाई उठल्या आणि आतल्या संदुकीतून घोंगड्या काढू लागल्या. हेच धनगर दर वर्षी एक नवी घोंगडी घरात देत. वापरल्या न गेलेल्या अकरा निघाल्या. वाकळ बाहेर गेली. एका चुलीवर एकामागून एक भांडी चढली. वरण, भात, भोपळ्याची भाजी, भिजवलेल्या गव्हाची खीर. उकळी आली की भांडं घोंगडीत. दोन पेटीत बसली, बाकीची भुसकटाच्या ढिगात. मोळीतली तीन लाकडं उरली.

मंडळी परतली, तेव्हा चूल थंड होती. म्हातारा यजमान दारातूनच म्हणाला, "चूल तर इझलीया. आमी पुढं जाऊ का, माय?" आत्याबाईंनी त्याला बसवलं आणि त्यानंच दिलेली घोंगडी सोडली. वाफ आढ्याला गेली. सगळे पोटभर जेवले, खीर दुसऱ्यांदा वाढली. शेवटी आत्याबाई पानावर बसल्या. मामंजी खांबाला टेकून त्यांच्या हाताकडं बघत होते. आत्याबाईंनी भाताचा घास घेतला, सावकाश खाल्ला आणि म्हणाल्या, "उद्या पेटी आत आणा." मामंजी माझ्या कानाशी म्हणाले, "मंजूर झालं." त्यांचे डोळे भरले होते, आणि धूर तर घरात कुठंच नव्हता.

आता मामंजी नाहीत. मागच्या महिन्यात आक्काकडं गेलो होतो. पेटी चुलीशेजारीच आहे. भूक लागली होती म्हणून मी सहज घोंगडीची कड उचलली, तर आत्याबाईंनी हातावर चापट मारली.

"झाकण उघडू नको," त्या म्हणाल्या, "वाफ जाती."