अर्धा राजा

माझा भाऊ बहगत लग्नांचं शूटिंग करतो. वऱ्हाडात कुणाच्या ताटात मांस कमी पडलं, असली भांडणं त्याचं चित्रण पाहूनच मिटतात. "कॅमेरा खोटं बोलत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

घराजवळच्या पिरॅमिडवर लेझरचा खेळ सुरू झाला, तेव्हा त्यानं तो आमच्या गच्चीवरून टिपला. समोर दगडांवर राजाचा अख्खा हिरवा चेहरा, आणि कॅमेऱ्यात नुसता एक डोळा नि मुकुटाचा तुकडा. पुन्हा टिपलं, तरी तेच.

त्यानं खेळवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "अरे, चेहरा नसतोच. उजेडाचा एकच ठिपका इतका भराभर पळतो, की डोळ्यांना चेहरा दिसतो. कॅमेऱ्याला सापडेल तेवढा तो धरतो."

बहगत चक्रावूनच गच्चीवर परतला. "ताई, मग खोटं कोण? आपले डोळे की कॅमेरा?"

त्याची बायको इनसाफ वाळलेले कपडे काढत होती. "आपल्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मी कशी दिसते?" तिनं विचारलं.

"हसतेस की. सबंध कॅसेटभर."

"कॅमेरा दुसरीकडे वळला की रडत होते," ती म्हणाली आणि कपडे घेऊन खाली गेली.

बहगत माझ्याकडे पाहू लागला. लग्नात तिच्या शेजारी मीच बसले होते. मी पिरॅमिडकडे पाहत राहिले.