सुकाणूच्या बुशवरचा शिक्का

ती घटना आठवली की आजही मला आधी माझीच लाज वाटते.

मी कोकणातल्या एका बंदराजवळच्या ठाण्यात निरीक्षक होतो. धक्क्याला लागताना एका मालवाहू जहाजाचं सुकाणू अडकलं, जहाज आदळलं आणि एक खलाशी चिरडून मेला. सुकाणूचा दांडा ज्यात फिरतो तो काशाचा बुश तडकला होता. आठवड्याने ठाण्यात निनावी फोन आला. मराठी अडखळत होतं. "मतलब, तो बुश नकली आहे. जयपूरला, झोटवाड्यात बनतो."

मी जयपूरला गेलो, तिथल्या स्थानिक ठाण्यात नोंद केली, पंच घेतले आणि कारखान्यातले अकरा बुश जप्त केले. मालकाने चहा मागवला. "साब, हर पीस पर मोहर इन्हीं की है," म्हणत त्याने माल तपासून शिक्का मारणाऱ्या तपासनिसाकडे बोट दाखवलं. फौजी बापाबरोबर जयपूरलाच वाढलेला मराठी तरुण. त्याने तोंड उघडताच मी फोनवरचा आवाज ओळखला.

माझा संशय उलट वाढला. आधी फोन करणारा स्वतःची कातडी वाचवतो, हे माझं ठरलेलं गणित. चार तास त्याला ठाण्यात पिळला. "हे शिक्के मी मारलेच नाहीत," एवढंच तो म्हणत राहिला.

"मग काय भुताने मारले?" मी ओरडलो. अटकेचे कागद तयार करायला सांगितले. बाहेर बाकावर त्याची गरोदर बायको डबा घेऊन बसली होती.

"साहेब, सगळे बुश एका ओळीत लावा ना. मतलब, फक्त बघा," तपासनीस म्हणाला.

चिडूनच लावले. अकराही शिक्के डावीकडे तेवढेच कललेले, शेवटच्या आकड्याला तोच टवका.

"मी हातोडीने ठोकतो, साहेब. माझा हात इतका सारखा नाही पडत."

मी अटकेचे कागद बाजूला सारले. ओतकाम करणाऱ्याला बोलावलं, तो पाच मिनिटांत फुटला. मालकाच्या सांगण्यावरून त्याने साच्यासाठी वेगळा नमुना न बनवता शिक्का मारलेला एक तयार बुशच वाळूत दाबला होता आणि त्या साच्यात वितळवलेलं भंगार ओतलं होतं. शिक्क्यासकट माल तयार! मालकाला त्याच संध्याकाळी अटक केली.

खरं सांगायला पुढे आलेल्या माणसाला आपण आधी आरोपी करतो आणि मग लोक पुढे येत नाहीत म्हणून कुरकुरतो. हे मला त्या दिवशी कळलं, फार उशिरा. निघताना त्या तपासनिसाने विचारलं, "साहेब, पुन्हा असं काही दिसलं तर फोन करू की नको?"

मी "कर" म्हणालो. त्याची बायको मात्र माझ्याकडे न बघता डबा उचलून चालू लागली.